लहान पेट्रोल इंजिन आणि ते हाताळणारा मजूर

गेल्या काही वर्षांत लहान पेट्रोल इंजिनाने शेतीत चांगलेच बस्तान बसविले आहे. कोकणातील बागांतून गवत कापणारा ग्रास कटर, विदर्भात कपाशीवर चालणारा पाठीवरचा फवारणी पंप, भाजीपाल्याच्या सऱ्यांतून फिरणारा पॉवर वीडर, नाल्याकाठी पाणी उपसणारा सुटसुटीत पंप, ही सर्व त्याचीच रूपे होत. बैलजोडी पोसणे ज्यास परवडत नाही, अशा लहान शेतकऱ्यास या यंत्रांचा मोठा आधार झाला आहे. २०१४-१५ पासून कृषि यांत्रिकीकरण उपअभियानातून अनुदान मिळू लागल्याने त्यांच्या प्रसारास वेगही आला. मात्र यंत्र ज्या झपाट्याने शेतावर पोहोचले, त्या झपाट्याने ते सुरक्षितपणे हाताळण्याची माहिती पोहोचली नाही. त्यातल्या त्यात उणीव राहिली ती ज्याच्या हाती यंत्र दिवसभर असते त्याच्यापर्यंत.

यंत्र विकत घेतो मालक. दुकानदार दोरी कशी ओढावी, चोक केव्हा लावावा, हे त्याला दाखवितो. सोबतची पुस्तिका खोक्यात राहते व खोके माळ्यावर जाते. दुसऱ्या दिवशी यंत्र मजुराच्या पाठीवर चढते. "टाकी संपली की बाटलीतले ओत आणि चालू कर," एवढ्या एका वाक्यात त्याचे शिक्षण आटोपते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणाऱ्यांना विषबाधा होऊन काहींचे प्राण गेले, तेव्हापासून औषध कसे हाताळावे याविषयी गावोगाव सांगितले जाते, हे योग्यच झाले. परंतु त्याच मजुराच्या पाठीशी औषधाच्या टाकीखाली पेट्रोलचीही एक टाकी असते, तिच्याविषयी तितक्या आग्रहाने सांगितले जात नाही.

पेट्रोलविषयी गैरसमज होण्यास आपली रॉकेलची सवय पुष्कळ अंशी कारणीभूत आहे. कंदिलाशेजारी रॉकेलची बाटली ठेवून कित्येक घरांनी पिढ्या काढल्या. रॉकेलची पेट घेण्याजोगी वाफ साधारणतः ३८ अंश सेल्सिअसच्या वर तयार होते. पेट्रोलची वाफ मात्र शून्याखाली सुमारे ४० अंशांवरही पेट घेऊ शकते. म्हणजे आपल्याकडे पौष महिन्यातील पहाटेही उघड्या पेट्रोलमधून ज्वालाग्राही वाफ निघत असते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने वर न जाता जमिनीलगत पसरते आणि सखल जागी साचते. काही पावलांवर चूल पेटलेली असेल वा कोणी बिडी ओढीत बसला असेल, तर आग त्या वाफेच्या वाटेने भरणाऱ्याच्या हातापर्यंत येते. पेट्रोल सांडले नाही, तेव्हा धोका नाही, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे.

सर्वांत अधिक धोका असतो तो तापलेल्या इंजिनात पेट्रोल भरताना. अर्धा-पाऊण तास चाललेल्या इंजिनाचा सायलेन्सर इतका तापलेला असतो की त्याला बोट लावता येत नाही, आणि लहान यंत्रांत पेट्रोलची टाकी त्याच्यापासून वीतभर अंतरावर असते. अशा स्थितीत यंत्र पाठीवरून न उतरविता दुसऱ्या गड्याकडून पेट्रोल ओतून घेण्याची रीत काही ठिकाणी आढळते. ओतणाऱ्याचा हात हलला तर पेट्रोल सायलेन्सरवर व मजुराच्या सदऱ्यावर पडते. पट्ट्यांनी बांधलेला माणूस त्या वेळी कोठे पळणार?

हे मजुरास कळत नाही असे नव्हे. काम उक्ते असेल तर मिनिटे त्याच्या खिशातून जातात, आणि रोजंदारीवर असेल तर मालक बांधावर उभा असतो. इंजिन निवण्यास लागणारी दहा-पंधरा मिनिटे ही कामाचाच भाग आहेत, त्यांचा मोबदला मालकाने द्यावयास हवा, ही गोष्ट स्पष्टपणे बोलली गेली पाहिजे. त्यातून सोयीचा मार्गही निघतो. चहाची सुट्टी होताच यंत्र बंद करून सावलीत जमिनीवर ठेवावे. चहा व ज्यांना बिडी लागते त्यांची बिडी दूर अंतरावर उरकून घ्यावी, आणि काम पुन्हा सुरू करण्यापूर्वी पेट्रोल भरावे. टाकी काठोकाठ न भरता थोडी जागा रिकामी सोडावी, झाकण घट्ट लावावे, सांडलेले फडक्याने पुसून वाळू द्यावे, आणि भरल्या जागेपासून दहा फूट तरी दूर नेऊन मगच इंजिन चालू करावे. इतके करूनही भडका उडालाच तर पाणी मारू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते व आग पसरते. माती किंवा वाळू टाकावी.

बाटलीची गोष्ट निराळी. थंड पेयाच्या प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल नेणे व ती घरात कोनाड्यात ठेवणे सर्रास चालते. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंत बाळगण्याची मुभा दिली आहे. परंतु ते घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या वा धातूच्या भांड्यात ठेवावे, काचेचे वा मातीचे भांडे एक लिटरहून मोठे नसावे, असेही त्यात म्हटले आहे. शेतकऱ्यास धातूचा लहान डबाच बरा. तो भरताना गाडीत वा हातात न धरता जमिनीवर ठेवावा. शिवाय पाण्यासारख्या दिसणाऱ्या बाटलीला लहान मूल केव्हा तोंड लावील याचा नेम नसतो.

देखभालीत तत्त्व एकच: पात्यास वा फिरत्या भागास हात लावण्यापूर्वी स्पार्क प्लगची टोपी काढावी. पात्यात अडकलेले गवत काढताना पाते फिरले आणि इंजिनाने उचल खाल्ली, तर बोटे वाचत नाहीत. सायलेन्सरभोवती साचलेले वाळके गवत रोज झाडावे. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइलचे प्रमाण पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. पन्नासास एक असे लिहिले असेल तर लिटरास २० मिलिलिटर होते, अंदाजे झाकणभर नव्हे.

पंप विहिरीत उतरवून चालविण्याचा मोह पाणी खोल गेलेल्या उन्हाळ्यात होतो. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वास नाही. विहिरीत तो साचला की खाली उतरलेला माणूस गुंगीत जातो, आणि त्याला काढावयास उतरलेला दुसराही. पेट्रोलचा पंप विहिरीत उतरवू नये. पाणी खोल असेल तर विजेचा पाण्यात बुडणारा पंप हाच उपाय होय.

यापुढे यंत्रांची प्रात्यक्षिके भरतील तेव्हा केवळ इंजिन सुरू करून टाळ्या घेण्याऐवजी ते बंद करून, निववून, पेट्रोल भरून दाखवावे. आणि ते मालकाकडून नव्हे, तर जो उद्या ते यंत्र चालविणार आहे त्याच्या हातून भरवून घ्यावे. त्या दिवसाची मजुरी त्याला मिळेल अशी व्यवस्था मालकाने आधीच करावी, नाही तर तो प्रात्यक्षिकास येणारच नाही.