अमेरिकेत १५०० तास, आपल्याकडे २००: पायलटच्या लायसन्सचं गणित काय?

बारावीचा निकाल लागला की मोबाइलवर जाहिराती सुरू होतात, ‘परदेशात जा, वर्षभरात पायलट व्हा.’ खर्च अर्ध्या कोटीच्या घरात. त्यासाठी शेत गहाण टाकायला निघणारे पालकही असतात. पण तिकडचं लायसन्स आणलं की इकडं लगेच नोकरी लागते का? नाही.

आपल्याकडं व्यावसायिक लायसन्सला, म्हणजे सीपीएलला, किमान २०० तास विमान उडवावं लागतं. डीजीसीएच्या लेखी परीक्षा वेगळ्या. अमेरिकेत सीपीएल साधारण २५० तासांवर मिळतं, पण तेवढ्यावर तिथली एअरलाइन घेत नाही. को-पायलटलाही १५०० तास हवेत, विमान क्षेत्रातली मान्यताप्राप्त पदवी असेल तर १०००. तिकडची पोरं दुसऱ्यांना विमान शिकवून हे तास भरतात. आपला पोरगा विद्यार्थी व्हिसावर गेलेला, त्याला तेवढं थांबता येत नाही.

हा नियम एका अपघातानंतर आला. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलो शहराजवळ कोलगन एअरचं विमान पडून ५० जण गेले. २०१३ पासून १५०० तास लागू झाले. पण त्या विमानातल्या दोन्ही पायलटांचे तास १५०० पेक्षा जास्तच होते! वेग घटल्याचा इशारा आल्यावर विमानाचं नाक खाली करायचं, कॅप्टननं ते वर ओढलं. युरोपात आजही २०० तासांच्या आसपास उडवलेला पोरगा को-पायलट होतो, मात्र १३ लेखी पेपर आणि दोघांनी मिळून विमान चालवायचं वेगळं प्रशिक्षण झाल्यावर. त्यामुळं कमी तास म्हणजे कच्चा पायलट, असं सरळ म्हणता येत नाही.

मग पोरं बाहेर का जातात? तिकडं तास लवकर भरतात. आपल्याकडं गोंदिया, बारामती, धुळ्यात शिकायची सोय आहे, पण पावसाळ्यात उड्डाणं रखडतात. मात्र परत आल्यावर ते लायसन्स भारतीय करून घ्यावं लागतं. त्यासाठी नियम, नेव्हिगेशन आणि हवामान या विषयांत डीजीसीएची परीक्षा, शिवाय मेडिकल. पुढं एअरबस किंवा बोइंगचं टाइप रेटिंग, त्याचे लाखो रुपये वेगळे. एजंट हा आकडा बहुतेक वेळा शेवटी सांगतो.

म्हणून फी भरण्याआधी डीजीसीएची क्लास वन मेडिकल करून घ्या. रंग ओळखण्यात अडचण असेल, तर ते तिथंच कळतं.