निळा पासपोर्ट आणि नव्वद दिवस

बँक स्टेटमेंट, उत्पन्नाचा पुरावा, पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र, आरोग्य विमा, कागदपत्रांची अधिकृत भाषांतरं आणि कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट. ही यादी वाचून जर्मनी किंवा कॅनडाच्या तयारीला लागलेला तुमच्याच वर्गातला कुणीतरी डोळ्यासमोर आला असेल. पण ही धावपळ आहे स्पेनमध्ये राहायला जाऊ पाहणाऱ्या ब्रिटिश नागरिकाची. हो, ब्रिटिश! ज्यांच्या व्हिसासाठी आपण रांगा लावतो, ते आता स्वतःच रांगेत आहेत.

पाच-सहा वर्षांपूर्वी हे चित्र नव्हतं. मँचेस्टरमधल्या एखाद्या मुलीने शाळा संपल्यावर बॅग भरायची, मायोर्काला जायचं, समुद्रकिनाऱ्यावरच्या बारमध्ये नोकरी धरायची आणि आवडलं तर तिथेच राहायचं. व्हिसा नाही, वर्क परमिट नाही. युरोपियन युनियनच्या कुठल्याही देशात राहण्याचा, शिकण्याचा, काम करण्याचा हक्क तिच्या पासपोर्टमध्येच होता. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये सार्वमत झालं. ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर हा हक्क संपला. दरम्यान पासपोर्टचा रंगही बरगंडीचा निळा झाला.

आता नियम आहे तो ९०/१८० चा. कोणत्याही १८० दिवसांत फक्त ९० दिवस. तेही एका देशात नव्हे, तर शेंगेनच्या सगळ्या २९ देशांत मिळून! स्पेनमध्ये ६० दिवस काढले तर ग्रीससाठी उरतात ३०. हे दिवस फिरण्याचे. तिथे नोकरी करायची तर वेगळी परवानगी लागते. पूर्वी पासपोर्टवरचे शिक्के मोजावे लागत. ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन कॉम्प्युटरवर नोंद सुरू झाली, त्यामुळे ‘चार दिवस जास्त राहिलो तर कुणाला कळणार’ हा हिशेबही संपला.

मग ज्यांना खरंच तिकडे राहायचंय, त्यांनी करायचं काय? रस्ते आहेत, पण कुठला रस्ता मिळणार हे तुमच्याकडे काय आहे यावर ठरतं.

पेन्शन किंवा घरबसल्या उत्पन्न असेल, तर स्पेनचा ‘नॉन-ल्युक्रेटिव्ह’ व्हिसा आहे. वर्षाला २८,८०० युरोंची सोय दाखवायची आणि तिथे काम करायचं नाही. पोर्तुगालच्या डी-७ व्हिसाची रक्कम बरीच कमी आहे. लॅपटॉपवर दूरच्या कंपनीचं काम करत असाल, तर डिजिटल नोमॅड व्हिसा. पोर्तुगालमध्ये त्यासाठी तिथल्या किमान वेतनाच्या चौपट कमाई लागते. २०२५ मध्ये ती महिन्याला ३,४८० युरो होती. श्रीमंतांसाठी होता ‘गोल्डन व्हिसा’. स्पेनमध्ये पाच लाख युरोंचं घर घ्या आणि परवाना मिळवा. पण घरांच्या किमती आणि भाडी स्थानिक तरुणांच्या आवाक्याबाहेर गेली, लोक रस्त्यावर उतरले आणि ३ एप्रिल २०२५ ला स्पेनने ही योजनाच बंद केली. पोर्तुगालने घरखरेदीचा मार्ग त्याआधीच, २०२३ मध्ये बंद केला होता.

आता ही यादी पुन्हा वाचा आणि ती मायोर्काची मुलगी त्यात शोधा. सापडत नाही ना? पेन्शनरसाठी दार आहे, आयटीवाल्यासाठी आहे. बारमध्ये ग्लास धुणाऱ्या, हॉटेलात वेटरचं काम करणाऱ्या विशीतल्या पोरांसाठी जवळपास काहीच नाही. ब्रेक्झिटने ब्रिटिशांचं परदेशी जाणं थांबवलं नाही, ते खिशाशी जोडलं. खरी गोम इथे आहे.

खिसा रिकामा असेल तर आजी-आजोबा कामाला येतात. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यात जुना ‘कॉमन ट्रॅव्हल एरिया’ आहे, त्यामुळे ब्रिटिश नागरिक आयर्लंडमध्ये आजही व्हिसाशिवाय राहू आणि काम करू शकतो. शिवाय आजी किंवा आजोबा आयर्लंडमध्ये जन्मले असतील, तर नोंदणी करून आयरिश पासपोर्ट मिळवता येतो आणि त्यावर सगळं युरोप परत खुलं होतं. सार्वमतानंतर ब्रिटनमधून अशा अर्जांचा ओघ उगाच वाढला नाही.

तिसरी गोष्ट वय. ऑस्ट्रेलियाने ब्रिटिश तरुणांसाठी वर्किंग हॉलिडे व्हिसाची वयोमर्यादा जुलै २०२३ पासून ३५ केली आणि जुलै २०२४ पासून शेतमजुरीची अट न घालता तीन वर्षं राहण्याची मुभा दिली. जागांवर मर्यादा नाही. आपल्यासाठी तशाच धाटणीच्या व्हिसाच्या वर्षाला १,००० जागा आहेत आणि त्याही लॉटरीने. म्हणजे ‘बघा, आता तेही आपल्यासारखेच झाले’ असं म्हणून खूश व्हायचं कारण नाही. त्यांचं एक दार बंद झालं, आपली बरीचशी आधीपासूनच बंद आहेत.

या गोष्टीचा एक धागा थेट गोव्यात येतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले आणि त्यांची मुलं-नातवंडं पोर्तुगीज नागरिकत्वावर दावा करू शकतात. अनेकांनी तो केला, पण राहायला मात्र लिस्बनला न जाता स्विंडनसारख्या ब्रिटिश शहरांत गेले, कारण तेव्हा पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमध्ये नोकरी करता येत होती. दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट सोडावा लागला. २०२० संपण्याआधी जे पोचले, त्यांना तिथे राहण्याचा हक्क टिकवता आला. नंतर निघालेल्या चुलत भावाला त्याच पासपोर्टवर व्हिसा मागावा लागतो. एकाच मतदानाने मँचेस्टरच्या मुलीचं युरोप बंद झालं आणि मडगावच्या मुलाचं ब्रिटन.

यात कळीचा मुद्दा मताचा आहे. २०१४ मध्ये स्कॉटलंडच्या सार्वमतात १६ वर्षांच्या मुलांना मत देता आलं होतं. २०१६ मध्ये मात्र १८ ची अट होती. सर्वेक्षणांनुसार तरुण मतदारांचा मोठा हिस्सा युरोपात राहण्याच्या बाजूने होता. तेव्हा जे दहा-बारा वर्षांचे होते, ते आज कॉलेजात आहेत. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आता डागडुजी चालू आहे. मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि युरोपियन युनियनने तरुणांसाठी मर्यादित काळाच्या योजनेवर काम करायचं मान्य केलं आणि २०२७ पासून ‘इरॅस्मस प्लस’ या विद्यार्थी योजनेत ब्रिटन परत येतोय. पण यात ठरावीक मुदतीची परवानगी मिळते, पूर्वीचा हक्क नाही.

आपल्याला यातून काय घ्यायचं? ब्रिटनमध्ये शिकून नोकरी शोधायला मिळणारा ‘ग्रॅज्युएट रूट’ पदवी आणि मास्टर्सवाल्यांसाठी दोन वर्षांचा आहे. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना तो दीड वर्षाचा होणार. एजंटच्या जुन्या ब्रोशरवर विसंबून घराच्या तारणावर कर्ज काढलेल्या कुटुंबासाठी ते सहा महिने फार मोठे असतात. म्हणून परदेशाचं गणित मांडताना ‘आज नियम काय आहे’ एवढ्यावर थांबू नका. ‘मी पोचेपर्यंत, शिकून बाहेर पडेपर्यंत तो बदलला तर माझ्याकडे दुसरं काय आहे?’ हेही त्याच कागदावर लिहा. जगातल्या वजनदार पासपोर्टांपैकी एक हातात असलेल्या पिढीवर ही वेळ आली, तर आपण बेसावध राहून कसं चालेल?