विश्लेषण : सिकलसेलच्या वेदनांचा तरुणांच्या मनावर काय परिणाम होतो?

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर या तालुक्यांतील भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल हा परिचित आजार आहे. जळगाव व धुळे जिल्ह्यांत राष्ट्रीय मोहिमेतून रक्ततपासणी होते. मात्र वर्षानुवर्षे वेदना सोसणाऱ्या मुलामुलींच्या मनाचे काय, हा प्रश्न मागे पडतो.

वेदना कशामुळे होतात?
सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आहे. सदोष हिमोग्लोबिनमुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. तेथे प्राणवायू पोहोचत नाही आणि हाडे, सांधे, पाठ, छातीत तीव्र कळा येतात. ताप, अतिश्रम, शरीरातील पाणी कमी होणे, थंडी ही त्याची नेहमीची निमित्ते. त्यामुळे खान्देशातील कडक उन्हाळा आणि सातपुड्यातील गारठा, दोन्ही अडचणीचे ठरतात. वय वाढते तसे काहींच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा खंडित होतो आणि अधूनमधून येणारे दुखणे रोजचे होते.

याचा मनाशी संबंध काय?
वेदना आणि भावना हाताळणारे मेंदूतील भाग बऱ्याच अंशी एकच आहेत. दुखण्याने झोप मोडते आणि अपुऱ्या झोपेमुळे वेदना अधिक जाणवते. पुढचा झटका कधी येईल, ही धास्ती कायम राहते. चिंता आणि नैराश्य वाढले की सहनशक्ती घटते, औषधेही चुकतात. म्हणजे हा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. मार्च २०२५ मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’ या नियतकालिकात ३७६ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार दीर्घकालीन वेदना असलेल्या सुमारे ४० टक्के प्रौढांत नैराश्याची, तर जवळपास तितक्याच जणांत चिंतेची लक्षणे आढळली. तरुण आणि महिलांमध्ये हे प्रमाण अधिक होते. ही आकडेवारी सर्व प्रकारच्या दीर्घकालीन वेदनांची आहे, केवळ सिकलसेलची नाही.

तरुण वयात ओझे अधिक का?
दहावी-बारावी, नोकरीचा शोध, मजुरी, लग्न हे सारे याच वयात येते. वेदना बाहेरून दिसत नाही. त्यामुळे ‘नाटक करतो’, ‘कामचुकार आहे’ असे ऐकावे लागते. शंका घेतली जाते म्हणून मूल दुखणे सांगणेच थांबवते आणि उपचाराला उशीर होतो. आश्रमशाळेत राहणाऱ्यांचे आईवडील जवळ नसतात. ऊसतोडणीसाठी कुटुंब स्थलांतरित झाले, तर औषधांत खंड पडतो. मुलींच्या बाबतीत लग्न जुळणार नाही, या भीतीने आजारच लपवला जातो.

सरकारी मोहिमेत काय आहे?
राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, अशी तिची उद्दिष्टे आहेत. तिच्यातील समुपदेशनाचा मोठा भर लग्नापूर्वीच्या सल्ल्यावर आहे. कारण आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पुढच्या पिढीसाठी हे आवश्यकच आहे. पण ज्या मुलाला आज आजार आहे, त्याला वेगळ्या समुपदेशनाची गरज असते.

काय करता येईल?
प्रत्येक भेटीत हिमोग्लोबिनसोबत झोप, उदासी आणि शाळेतील गैरहजेरीची विचारणा करता येते. त्याला यंत्र वा जादा निधी लागत नाही. हायड्रॉक्सियुरिया डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घेतल्यास झटके कमी होतात. विचार आणि वर्तनावर काम करणारी मानसोपचार पद्धत वेदनेसोबत जगणे सुसह्य करते. याचा अर्थ वेदना मनाची आहे असा नव्हे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे, तर एसटीच्या प्रवास सवलतीतही या रुग्णांचा समावेश आहे. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मोफत बोलता येते. मात्र तिथपर्यंत पोहोचण्याआधी मुलाने ‘दुखते’ म्हटल्यावर घरातील आणि शाळेतील माणसांनी त्यावर विश्वास ठेवणे गरजेचे आहे. उपचाराची सुरुवात तिथूनच होते.