भरल्या गाड्याला सूपही जड होते



‘भरल्या गाड्यास सूप जड नाही’ असे म्हणत नवा कर लादण्याची सरकारची सवय जुनी आहे. हवेतला कार्बन कमी करायला कोळसा-डिझेलवर कर लावावा, असा विचार जगभर चालू आहे. पाऊस बिघडला की पहिला फटका कोरडवाहू कपाशी-ज्वारीला बसतो. म्हणून धूर कमी करायला आमचा विरोध नाही. आमचा सवाल एवढाच, गाड्यात आधीच ओझे किती आहे?

डिझेलवर केंद्राचे उत्पादन शुल्क आहे, त्यावर राज्याचा मूल्यवर्धित कर. नाव कार्बनचे नसले तरी हा धुरावरचाच कर. धुराच्या हानीइतका कर रास्त म्हणू. त्यापुढे अर्थशास्त्राचा ठोकताळा असा, की कर दुप्पट झाला तर देशाचे नुकसान दुप्पट नव्हे, साधारण चौपट होते.

कारखानदार खरेदीवर भरलेला जीएसटी पुढच्या करातून वजा करून घेतो. शेतकऱ्याचा खत-औषधावरचा कर त्याच्याच अंगावर राहतो. वाढलेला खर्च भावात चढवावा, तर भाव त्याच्या हाती नाही.

२०१० मध्ये स्वच्छ ऊर्जेच्या नावाने कोळशावर टनाला ५० रुपये उपकर बसला. २०१६ मध्ये तो ४०० झाला. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा पैसा राज्यांची महसुली तूट भरण्याकडे वळला. सप्टेंबर २०२५ मध्ये उपकर गेला, पण कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. नाव बदलले, कर राहिला.

स्वीडनने १९९१ मध्ये कार्बन कर लावला, तेव्हा सोबतच इंधनावरचा जुना ऊर्जाकर आणि प्राप्तिकर कमी केला. एक ओझे चढवले, दुसरे उतरवले. आपल्याकडे मात्र नुसता प्राप्तिकर कमी करून भागणार नाही. शेतीच्या उत्पन्नावर तो नाहीच; ती सूट शहरातच राहील.

म्हणून जिल्हा बैठकीत आपली मागणी स्पष्ट हवी. नवा कर आणण्याआधी जुन्या करांची बेरीज जाहीर करा. जेवढा नवा कर, तेवढाच जुना कर डिझेल, खत, औषधे आणि औजारांवरून कमी करा. सूप ठेवायचे असेल, तर आधी पोते उतरवा.