ऑनलाइन संमेलन वाचनालयात बसून ऐका

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांतल्या वाचकांना आणि लिहिणाऱ्यांना एक विनंती आहे. आपल्या भागातला कुणी कवी किंवा कथाकार ऑनलाइन साहित्य संमेलनात बोलणार असल्याचं कळलं, तर तो कार्यक्रम घरी मोबाइलवर एकट्याने पाहू नका. गावातल्या वाचनालयात जमा आणि सगळे मिळून ऐका.

कोरोनाने मंडप बंद केले तेव्हा ऑनलाइनची वाट सगळ्यांनाच धरावी लागली. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याच्या विश्व मराठी परिषदेने ऑनलाइन विश्व मराठी संमेलन भरवलं. पुढच्याच महिन्यात जयपूरचा साहित्य महोत्सवही पडद्यावर झाला. नाशिकचं ९४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन मार्चऐवजी डिसेंबरात, मंडपातच पार पडलं; पण अध्यक्ष जयंत नारळीकर प्रकृतीमुळे प्रत्यक्ष तिथे येऊ शकले नाहीत. पुढे मंडप पुन्हा भरू लागले आणि ऑनलाइन ही अडचणीच्या काळातली सोय होती, आता तिची गरज नाही, असं अनेकजण म्हणू लागले. पुण्या-मुंबईच्या माणसाला असं म्हणणं परवडतं, वाशीमच्या माणसाला परवडत नाही.

वाशीममध्ये राहून उत्तम लिहिता येतं, हे नव्याने सिद्ध करायची गरज उरलेली नाही. नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ या कादंबरीला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा वाशीम हा जिल्हाही नव्हता; तो अकोल्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पण एकच संग्रह छापून झालेल्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या किंवा घरची शेती पाहणाऱ्या कवीचं काय? पुण्यातल्या कविसंमेलनात त्याला दहा मिनिटं मिळतात. त्यासाठी जाताना एक रात्र आणि येताना एक रात्र प्रवासात जाते, रजा पडते, खिशातून पैसे जातात. सोयाबीन काढणीला आलेलं असेल तर घराबाहेर पाऊल टाकता येत नाही. लिहिणाऱ्या बाईला तर घरातल्या किती जणांची समजूत घालून निघावं लागतं, ते तिलाच ठाऊक. अशांना घरबसल्या बोलावणं येतं, ही माझ्या मते गेल्या काही वर्षांत छोट्या गावच्या साहित्याला मिळालेली सगळ्यात मोठी संधी आहे. ती हलक्याने घेऊ नये.

म्हणून पहिलं सांगणं लेखकाला. घरातून बोलायचं आहे म्हणून तयारी कमी करू नका. उलट जास्त करा. मंडपात श्रोत्यांचे चेहरे दिसतात, कुठे थांबावं ते कळतं. पडद्यासमोर ते काहीच कळत नाही. त्यामुळे काय वाचायचं ते आधी ठरवा, घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहा आणि दहा मिनिटं दिली असतील तर आठ मिनिटांचंच ठेवा. कविता कागदावर छापून जवळ घ्या, मोबाइलमधून शोधत बसू नका. प्रकाश तोंडावर येईल असे बसा. खिडकी पाठीमागे असेल तर चेहरा काळा दिसतो. साधा वायरचा इअरफोन लावला तरी आवाजात फार फरक पडतो. लाइटचा भरवसा नसतो, तेव्हा फोन पूर्ण चार्ज करून ठेवा आणि दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला एक फोन हाताशी असू द्या. रेंज कमी झाली तर कॅमेरा बंद करा आणि वाचत राहा. चित्र गेलं तर कविता पोचते, आवाज तुटला की काहीच पोचत नाही.

आणि आपल्या बोलीला आवरू नका. मोठ्या संमेलनाचं बोलावणं आलं की वऱ्हाडीत लिहिणारा माणूसही प्रमाण मराठीत बोलायला लागतो, हे ऐकताना वाईट वाटतं. तुम्हाला बोलावलं ते तुमच्या लिखाणासाठी, आणि ते लिखाण ज्या बोलीतून आलं तीच बोली पडद्यावरही यायला हवी. हेच गोरबोलीत लिहिणाऱ्या बंजारा मित्रांनाही सांगावंसं वाटतं. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवी या तीर्थक्षेत्री महाराष्ट्राबरोबर कर्नाटक, तेलंगणा, आंध्रातूनही बंजारा समाज येतो. बोली सगळ्यांची एक, पण इकडचा माणूस ती देवनागरीत लिहितो, तिकडचा कन्नड किंवा तेलुगू लिपीत, त्यामुळे एकाचं पुस्तक दुसऱ्याला वाचता येत नाही. वाचून दाखवलेली कविता मात्र तांड्या-तांड्यांत सगळ्यांना कळते. लिपीची ही भिंत छापील पुस्तकाला ओलांडता येत नव्हती, ऑनलाइन संमेलनात ती आडवी येतच नाही. हा उपयोग अजून आपण नीट करून घेतलेला नाही.

आता संमेलन भरवणाऱ्यांना. लेखक घरी बसून बोलतो म्हणून त्याचं मानधन बुडवू नका. त्याची तयारी तेवढीच असते आणि नेटचा खर्चही तोच करतो. लिंक ऐनवेळी पाठवू नका. आदल्या दिवशी पाच मिनिटं जोडून आवाज तपासा. पाहुण्यांच्या परिचयात आणि सत्कारात अर्धा तास घालवून कवीला ‘वेळ कमी आहे, एकच कविता घ्या’ असं सांगणं मंडपातही वाईट होतं, पडद्यावर ते त्याहून वाईट, कारण ऐकणारा एका बोटाने निघून जातो. आणि कार्यक्रमाची फीत लेखकाला विचारून ठेवा, पण ठेवाच.

या शेवटच्या गोष्टीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण तिचं मोल वाशीमइतकं कुणाला कळू नये. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. काव्यशास्त्रकार राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाचं आणि साहित्यविद्येचं लग्न लावलं ते विदर्भातल्या याच वत्सगुल्मात. ही शाखा सुरू करणारा चौथ्या शतकातला राजा सर्वसेन स्वतः कवी होता. त्याने प्राकृतात ‘हरिविजय’ हे काव्य लिहिलं. ते काव्य आज उपलब्ध नाही. आनंदवर्धनासारख्या पुढच्या काव्यशास्त्रकारांनी आपल्या ग्रंथांतून त्याची दखल घेतली, म्हणून ते होतं एवढं तरी आपल्याला कळतं. याच्या अगदी उलट घडलं कारंज्याला. तिथल्या जैन ग्रंथभांडारांनी हस्तलिखितं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, म्हणून दहाव्या शतकातल्या पुष्पदंताची अपभ्रंश काव्यं कारंज्याहूनच प्रसिद्ध होऊ शकली: ‘जसहरचरिउ’ १९३१ साली, ‘णायकुमारचरिउ’ १९३३ साली. संपादकांचे कष्ट मोठेच होते, पण त्याआधी कुणीतरी ती पानं फेकली नव्हती. आपल्या कवीने आज स्वतःच्या आवाजात वाचलेली कविता संमेलनवाल्यांच्या पानावरून वर्षा-दोन वर्षांत नाहीशी होऊ शकते. ती उतरवून घ्या, पेनड्राइव्हवर ठेवा, त्यावर नाव, गाव, तारीख लिहा आणि एक प्रत वाचनालयात जमा करा. याला फारसा खर्च येत नाही.

आणि वाचनालयात जमा असं मी म्हणतो, त्याचं कारण साधं आहे. एकट्याने पाहणारा माणूस दहाव्या मिनिटाला दुसऱ्या व्हिडिओवर जातो. दहा-पंधरा जण एकत्र बसले की शेवटपर्यंत बसतात, मध्येच दाद देतात आणि संपल्यावर बोलतात. शासनमान्य वाचनालय ‘ड’, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गाचं असलं तरी तिथे एक खोली, काही खुर्च्या आणि कपाटं असतात. टीव्ही नसेल तर शाळेतला घेता येतो. अनेक शाळांत तो आहेच. मुलांना पुढे बसवा. आपल्याच तालुक्यातला माणूस पडद्यावर बोलतोय हे त्यांनी पाहिलं की लेखक फक्त पाठ्यपुस्तकात असतो हा समज जाईल. प्रश्न विचारायची वेळ आली की गप्प बसू नका. एकाने सगळ्यांचे प्रश्न गोळा करून लिहून पाठवावेत, खाली गावाचं नाव लिहावं. पलीकडे बसलेल्या लेखकाला, आपलं कुणी ऐकतंय की नाही हेच कळत नसतं. रिसोडहून किंवा मालेगावहून आलेला एक प्रश्न त्याला शंभर टाळ्यांपेक्षा जास्त देतो.

वाचनालयाच्या संचालक मंडळींनो, हे काम तुमच्या हातातलं आहे. संमेलनाची तारीख कळली की दारातल्या फळ्यावर लिहा. त्या लेखकाच्या पुस्तकाच्या निदान दोन प्रती आधी विकत आणून ठेवा, फुकट मागू नका. कार्यक्रम संपल्यावर त्या त्याच दिवशी दोन वाचकांच्या नावावर चढवा.