तंबू घ्यायचाय भाच्याला

परवा डोंबिवलीहून भाच्याचा फोन. "मामा, चार जणांचा तंबू स्वस्तात मिळतोय. घेऊ का?" ऑक्टोबरात हरिश्चंद्रगडाचा बेत आहे त्याचा. मी सरळ नको म्हटलं. साहेब रुसलेत!

अरे, तसलाच माझ्याकडे होता. ऐसपैस, आत उभं राहता येईल असा. कल्याणहून माळशेजची एसटी, खुबी फाटा, खिरेश्वर, टोलार खिंड, आणि तंबू थेट कोकणकड्याजवळ (केवढी हौस!). रात्री परतीचा पाऊस आला. त्या कातळावर खुंट्या बोटभरही आत जात नाहीत. वरची फ्लायशीट निम्म्यापर्यंतच, म्हणजे आडवा पाऊस जाळीतून सरळ अंगावर. मग फायबरचा पोल मोडला. उरलेली रात्र गुहेत काकडत काढली.

तेव्हापासून 'वॉटरप्रूफ' या शब्दावर माझा विश्वास नाही. सह्याद्रीत खुंट्यांवाचून उभा राहणारा, ठेंगणा, घुमटासारखा तंबू हवा. पोल ॲल्युमिनियमचे, फ्लायशीट जमिनीपर्यंत, आणि दोऱ्या भरपूर, म्हणजे त्या दगडांना बांधता येतात. आत नुसतं बसता आलं तरी पुष्कळ. दोघांचाच घ्यावा. चौघं असतील तर दोन घ्यावेत, ओझंही वाटून जातं.

विजांपुढे मात्र महागातला तंबूही फुकट. दुपारीच ढग चढायला लागले तर मुक्काम खाली खिरेश्वरात, हे त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.

ताई, हे वाचत असशील तर वरच्या पैशांचं माझ्याकडे लागलं. त्याला इतक्यात सांगू नकोस.