कार्ड नाही, तर जागा नाही



गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या यांच्याविषयी या सदरात आपण पुष्कळदा बोललो. आज जरा निराळ्या जोडधंद्याची हकीकत सांगतो. धंदा आहे कुत्र्यांचा. हसू नका. जत तालुक्यात पाच एकर कोरडवाहू जमिनीवर एक कुटुंब राहते. त्या घरात तीन पिढ्या कारवान कुत्री पाळली जातात. ते पिल्ले विकतात आणि अलीकडे लग्नकार्याला, यात्रेला बाहेरगावी जाणाऱ्यांची कुत्री चार-आठ दिवस सांभाळायलाही घेतात. दुष्काळी सालात जोंधळा बुडाला तेव्हा मुलांच्या फिया याच पैशांतून भरल्या गेल्या. त्या घरी माझ्या हातून एक चूक झाली. तीही आज सांगणार आहे.

कारवान कुत्रे आपल्या भागात सर्वांनी पाहिलेले असते. लांबट तोंड, आत ओढलेले पोट, उंच पाय आणि वाऱ्यासारखी धाव. सीमेपलीकडे त्याला मुधोळ म्हणतात, कारण मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी हे वाण जोपासले. टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळलाही मान मिळाला. पूर्वी सशाच्या शिकारीसाठी ही कुत्री पाळत. आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती शिकार गुन्हा आहे. तेव्हा राखण आणि हौस, एवढ्यासाठीच ती पाळावीत.

या वस्तीवर दिवस पहाटे पाचला उगवतो. घरधनी अण्णा मोठी कुत्री दोन-दोन करून कुंपणाच्या रानात पळायला सोडतात. पण धंद्याची खरी सूत्रे वहिनींच्या हातात. चुलीवर चहा ठेवण्याआधी त्या पिल्लांकडे जातात. कोणते पिल्लू बाजूला पडले आहे, कोण आईला लुचत नाही, कोणाची विष्ठा पातळ आहे, एवढे डोळ्यांखालून घालतात. मग शहाबादी फरशी झाडून, धुऊन कोरडी करायची. फरशीला नाल्याकडे उतार दिला आहे, त्यामुळे पाणी साचत नाही.

अण्णांचे वडील कुत्र्यांना ताक-भाकरीच घालत. नुसत्या भाकरीने पोट भरते, पण अंग भरत नाही. आता भाकरीबरोबर शिजवलेली डाळ, दूध आणि अंडे असते. विणाऱ्या कुत्रीला शेवटच्या पंधरवड्यापासून खुराक वाढवतात आणि पिल्ले अंगावर पीत असताना दिवसातून तीन-चार वेळा खायला देतात.

कुत्री लागवड झाली की वहिनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण करतात. तिथून सुमारे ६३ दिवस मोजायचे. दिवस भरत आले की सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा. तो ९९ अंशांच्या खाली उतरला की बहुधा दिवसभरात ती विणार, असे समजावे. पहिले दोन आठवडे पिल्लांना स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. म्हणून थंडीत पोत्यांचे अंथरूण आणि वर दिवा. डोळे दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास उघडतात. जंताचे औषध दोन आठवड्यांपासून सुरू करून दर पंधरा दिवसांनी द्यायचे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून मऊ कालवलेले अन्न.

आणखी एक गोष्ट. जास्त दुधाच्या गाईला विल्यावर दुग्धज्वर होतो, तसाच प्रकार पुष्कळ पिल्ले पाजणाऱ्या कुत्रीलाही होतो. ती धापा टाकते, थरथरते, पाय ताठ करते. अशा वेळी घरगुती उपाय करीत बसू नका. पिल्ले बाजूला काढा आणि डॉक्टरांना ताबडतोब बोलवा. कॅल्शियमची सुई शिरेतून सावकाश द्यावी लागते, ते त्यांचेच काम.

महिन्याचे पिल्लू झाले की दलाल दारात येतात. रोख मोजायला तयार असतात. वहिनी देत नाहीत. "आईच्या अंगावरनं लेकरू वढून द्याचं व्हय?" असे विचारतात. कायदाही त्यांच्याच बाजूने आहे. २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही, दीड वर्षाच्या आतल्या कुत्रीपासून पैदास करता येत नाही, आणि पैदाशीचा धंदा करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते.

आता माझ्या चुकीकडे येतो.

२०१९ चा मे महिना. ऐन लग्नसराई. माझ्या एका परिचिताला लग्नासाठी परगावी जायचे होते. त्याचे वर्षाचे कुत्रे अण्णांकडे ठेवायचे होते, पण लसीचे कार्ड नव्हते. अण्णांनी नाही म्हटले. परिचिताने मला गळ घातली आणि मी फोन केला. "माझ्या ओळखीचे आहेत. कुत्रे धडधाकट दिसते. ठेवून घ्या." साहेबांचा शब्द मोडायचा कसा? अण्णांनी ठेवून घेतले.

दुसऱ्याच दिवशी ते कुत्रे ओकू लागले. डॉक्टरांनी पाहून पार्व्हो सांगितला. ते कुत्रे मोठे होते, उपचारांनी वाचले. पण तोवर तीच बादली, तोच खराटा, त्याच चपला सगळीकडे फिरल्या होत्या. पाचव्या दिवशी वहिनींची पिल्ले रक्त हगू लागली. सात पिल्ले होती, चाळीस दिवसांची. पहिली लस दोन दिवसांवर आली होती. घरातल्या बाजेला सलाईनच्या बाटल्या टांगल्या. सातांतली दोन वाचली. थोरल्या मुलाची कॉलेजची फी त्या पिल्लांवर धरलेली होती. शेवटी वहिनींची बोरमाळ गहाण पडली. शिवाय या रोगाचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो, म्हणून वर्षभर त्या जागेत त्यांनी एकही वेत घेतले नाही.

मी भेटायला गेलो तेव्हा वहिनींनी चहा दिला. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "साहेब, तुमच्या शब्दाला मान हाय. पर रोगाला कुठं वळख कळती?"

तीस वर्षे मी गावोगाव सांगत फिरलो की, बाजारातून आणलेली शेळी तीन आठवडे वेगळी बांधा, मगच कळपात सोडा. तोच नियम मी स्वतः एका फोनने मोडला.

आता त्या वस्तीवर पाहुण्या कुत्र्यांची शेड वाटेच्या पलीकडे आहे. घरच्यांचे सगळे आटोपल्यावरच तिकडे जायचे. तिकडची बादली, खराटा, चपला तिकडेच राहतात. फरशी आधी घासून स्वच्छ करायची, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असे द्रावण टाकून दहा मिनिटे ओले ठेवायचे. घरच्या पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, वर्षाने पुन्हा, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी.

आपल्यापैकी बहुतेकांना कुत्र्यांचा धंदा करायचा नाही, हे मी जाणतो. पण राखणीचे कुत्रे प्रत्येक वस्तीवर असते. त्याला निदान रेबीजची लस टोचून घ्या. कोणालाही कुत्रे चावले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, चुना, मिरची काही लावू नका.

गेल्या महिन्यात पुतण्याचे कुत्रे ठेवायला मी स्वतः तिथे गेलो. फाटकाशी वहिनी आल्या. कुत्र्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि हात पुढे केला. "कार्ड?"

मी खिशातून काढून दिले. त्यांनी आधी तारखा वाचल्या. मग फाटक उघडले.